'आणि वर' म्हणजे किती ग्रॅम

१

रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी स्वतःचं वजन करतो. तब्येतीशी याचा काही संबंध नाही. वसईजवळ सातिवलीला, प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर, आमची वजनकाटे तपासायची लॅब आहे. तिथला दीडशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा शुद्धीवर आहे की नाही, हे बघायला माझ्याइतकं भरवशाचं वजन दुसरं नाही. गेली अकरा वर्षं मी ब्याऐंशी किलो चारशे ग्रॅम आहे. गणपतीत ब्याऐंशी सहाशे होतो आणि पितृपक्षात परत जागेवर येतो.

माझं नाव शरदचंद्र, वय छप्पन्न. 'साधारण' या शब्दाशी माझं वैर आहे. कुणी 'साधारण किलोभर' म्हणालं की माझ्या कपाळाची शीर उडते. घरी चहाला माणशी दोन ग्रॅम पावडर आणि पोह्यांना माणशी साठ ग्रॅम पोहे, हा माझा नियम. माझी बायको विनिता पाहुण्यांसमोर सांगते, "यांच्या हातून कधी कुणाला चमचाभर जास्त गेलेलं नाही." ती हे गाऱ्हाणं म्हणून सांगते आणि मी प्रशस्तिपत्र म्हणून ऐकतो. सव्वीस वर्षं आमचं असंच चाललंय.

तर जूनच्या सुरुवातीला एका सोमवारी मी नेहमीप्रमाणे काट्यावर उभा राहिलो. ८२.४०. मी वहीत आकडा टिपला, हात धुतले आणि कामाला बसलो.

२

त्याच दिवशी अकरा वाजता पापडीहून आल्बिनाबाई आल्या. वय सत्तरीचं, हातात कापडी पिशवी, जिने चढून आल्या तरी श्वास जागच्या जागी. त्यांनी पिशवीतून नारळाएवढाही नसेल असा एक काळा गुळगुळीत दगड काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"मास्तर, हा आमच्या घरचा शेर."

"मी मास्तर नाही, टेक्निशियन आहे."

"हां मास्तर. याचे ग्रॅम करून द्या."

पिशवीतून दुसरी निघाली ती लाल कापडात बांधलेली वही. त्यांच्या घरात एक चाल होती. मूल वर्षाचं झालं की त्याला तागडीच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात वाडीतली केळी ठेवायची, आणि मुलाच्या भारोभार केळी वाटून टाकायची. पोराचं वजन वहीत चढायचं. शंभर वर्षांतली अशी अठ्ठेचाळीस पोरं वहीत होती. त्यातली काही आता फोटोच्या चौकटीत होती, काही कॅनडात. घराची शंभरी जवळ आली म्हणून नव्या पिढीला आपापली वजनं बघायची होती आणि नव्या पिढीला शेर म्हटलं की फक्त शेअर बाजार आठवत होता.

शेर म्हणजे ऐंशी तोळे, म्हणजे नऊशे तेहेतीस ग्रॅमच्या जरा वर, असं कोष्टकात असतं. पण कोष्टकं येण्याआधी गावागणिक शेर वेगळा असायचा, कधी कधी घरागणिक. त्यामुळे या घरचा शेर किती, हे या दगडालाच विचारायला हवं होतं. मी त्याला काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला. ९३१.६० ग्रॅम. इतकी वर्षं हाताळूनसुद्धा दगड शिस्तीत राहिला होता, आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटला. आता शेराचा चौथा भाग पावशेर, आठवा भाग नवटाक, बाकी नुसती आकडेमोड.

मी वही उघडली. पहिलीच नोंद अशी होती: 'सालोमी, १० शेर १ नवटाक, आणि वर.'

दुसरी, तिसरी, सगळ्या नोंदी तशाच. शेवटी 'आणि वर'.

"हे वर म्हणजे किती?"

"वर म्हणजे वर," आल्बिनाबाई म्हणाल्या. "पारडी समान झाली की तोलणारा आपल्या हाताने आणखी काही टाकतो. तसंच सोडत नाहीत."

"काही म्हणजे? डझन? अर्धा डझन?"

"ते तोलणाऱ्याच्या मनावर. मोजलं तर ते वर कसं होईल?"

मी सभ्यपणे हसलो. ज्याला एकक नाही त्याला माझ्या तक्त्यात जागा नाही. मी रकाने आखले: नाव, शेर, नवटाक, किलो. आणखी रकाना मी आखला नाही. आल्बिनाबाईंना दोन आठवड्यांनी यायला सांगितलं आणि दगड भिंतीतल्या पत्र्याच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवला.

३

आमच्या लॅबच्या आतल्या खोलीत आवाज असा नसतोच. दोन दारं, जाड पडदे, ग्रॅनाइटचं टेबल. खालच्या बादल्यांच्या मशीनची धडधडसुद्धा तिथे पोचत नाही. एसीची घरघर आणि माझ्या कीबोर्डची टकटक, बास.

म्हणून तो आवाज मला लगेच ऐकू आला.

मी सालोमीची नोंद भरली. नऊ किलो चारशे बत्तीस ग्रॅम. एंटर दाबलं, आणि मागच्या कपाटात 'कट्' झालं. पत्रा वाकतो तेव्हा होतो तसा बारीक आवाज. मी मागे वळून पाहिलं. कपाट बंद होतं. मी आल्बिनाबाईंची स्वतःची नोंद भरली, नऊ शेर तीन नवटाक, म्हणजे आठ किलो सातशे चौतीस. एंटर. कट्.

एसीच्या गारव्याने पत्रा आकसतो हे मला माहीत आहे. फक्त तो माझ्या एंटरची वाट बघून आकसतो, हे पहिल्यांदाच पाहत होतो. इतर कामं बघून त्या दिवशी सहा नोंदी झाल्या आणि सहा वेळा कट् झालं. मी कपाटाच्या बिजागरीत तेल घातलं आणि घरी गेलो.

मंगळवारी सकाळी काट्यावर उभा राहिलो. ८१.००.

अर्थातच काटा बिघडला होता. मी वीस किलोची प्रमाणित वजनं एकावर एक चढवून पाहिली. वीसला वीस, चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. काटा सोळा आणे शहाणा होता. मग मी पुन्हा चढलो. ८१.००. एका दिवसात एक किलो चारशे ग्रॅम. आदल्या रात्री मी तीन पोळ्या आणि वाटीभर श्रीखंड खाल्लं होतं. वाटी दीडशे ग्रॅमची.

आमच्या लॅबचा मालक सिद्धेश, वय बत्तीस, इंजिनियर. तो माझ्या खांद्यावरून डोकावला.

"काका, काय सीन आहे? जिम लावली काय?"

"काही लावलेलं नाही."

"तरीच दिसत नाही. पण काटा बोलतोय ना, मग खुश व्हा की!"

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? डॉक्टरांनी मला दोन वर्षांपूर्वी आठ किलो कमी करायला सांगितले होते.

४

बुधवारी ७९.६०. गुरुवारी ७८.२०. चंदनसारला आमच्या सोसायटीत ही बातमी सिद्धेशच्या कृपेने पोचली, कारण त्याची मावशी आमच्याच इमारतीत राहते. सकाळी फिरायला जाणारी मंडळी मला गेटपाशी अडवू लागली. कुणी विचारलं मेथीचं पाणी का, कुणी विचारलं रात्रीचं जेवण सोडलं का. मी काहीच केलं नाही, हे कुणाला पटेना. एका गृहस्थांनी तर मी गुपित राखून ठेवतोय म्हणून माझ्याशी बोलणंच टाकलं.

फक्त विनिताने माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "कमी झालंय कुठे?"

प्रश्न बरोबर होता. पँट तितकीच घट्ट होती. मी टेप घेऊन पोट मोजलं, साडेसत्त्याण्णव सेंटिमीटर, गेल्या दिवाळीत होतं तेवढंच. गाल तेच, हनुवटीखालची दुसरी हनुवटी तीच. माणूस सगळा जागेवर होता आणि वजन मात्र जात होतं. मी रात्रभर घनतेची गणितं केली आणि शेवटी माझं मलाच हसू आलं.

मग एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर विनिता दचकून किंचाळली.

"अहो, मांजरासारखे काय येता मागून! पाय वाजवत या."

मी पाय वाजवून चाललो. वाजले, पण एखाद्या लहान पोराचे वाजावेत तसे. बाल्कनीतला झोपाळा मी बसलो की नेहमी कुरकुरतो. त्या दिवशी मी त्यावर बराच वेळ बसलो आणि तो गप्प राहिला.

पुढच्या सोमवारी मी माझी वजनाची वही घेऊन हिशेबाला बसलो. सहा नोंदी केल्या त्या दिवशी एक किलो चारशे गेले. शनिवारी लाइट गेली होती, तीनच नोंदी झाल्या, त्या दिवशी सातशे ग्रॅम गेले. रविवारी नोंदी नाहीत आणि वजनही गेलं नाही. म्हणजे नोंदीमागे दोनशे तेहेतीस ग्रॅम. मी कागदावर हा आकडा लिहिला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. ९३१.६० भागिले चार. पापडीच्या त्या घरचा बरोबर पावशेर.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण अर्धवट तक्ता मी आयुष्यात कुणाला दिलेला नाही. शिवाय हे खरं मानायचं म्हणजे विज्ञान शिकल्याची लाज वाटायला लागली असती. आणि खरं सांगायचं तर, आठ किलो जावेत अशी माझी इच्छा होतीच. मी उरलेल्या नोंदी पुऱ्या केल्या. कपाट प्रत्येक वेळी बोललं.

अठ्ठेचाळिसावी नोंद संपली. सही करण्याआधी वजन पुन्हा घ्यायचं असतं म्हणून मी कपाट उघडलं. मधली फळी वाकून खालच्या फळीला टेकली होती. दगड तोच होता, तेवढाच, नारळापेक्षा लहान. मी एका हाताने उचलायला गेलो आणि मनगटात कळ आली. दोन्ही हातांनी कसाबसा काट्यावर ठेवला तर काट्याने क्षमता संपल्याची शिटी मारली. मोठ्या काट्यावर नेला. बारा किलो एकशे दहा ग्रॅम.

मी प्लॅटफॉर्मवर चढलो. ७१.२२. मी आणि दगड यांची बेरीज पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच आली, ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे नाही. इतका चोख हिशेब बघून दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला आनंद झाला असता.

प्रमाणपत्रावर मी लिहिलं: '१ शेर = ९३१.६० ग्रॅम.' दुसरं रीडिंग मी लिहिलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत लपवलेलं हे माझं पहिलं रीडिंग.

५

शनिवारी दुपारी आल्बिनाबाई दगड न्यायला आल्या. त्यांनी पिशवी उचलली, परत खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"याला काय खायला घातलंत?"

"दमट हवा आहे," मी म्हणालो. असं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला. बोट एकेका नावावरून खाली उतरत गेलं.

"वर कुठे गेलं?"

"त्याला एकक नाही बाई. शास्त्रात बसत नाही."

"म्हणजे सगळ्या पोरांचं वर काढून टाकलंत?"

"काढलं नाही. धरलं नाही."

त्या मान हलवून म्हणाल्या, "बघा बाबा, तुम्ही शिकलेले." सिद्धेशने तक्ता त्यांच्या मोबाईलवरही पाठवून दिला आणि दगड रिक्षात नेऊन ठेवला. परत वर आला तो कंबर धरूनच.

काम संपलं, दगड गेला, आता सगळं थांबणार अशी माझी खात्री होती. त्या संध्याकाळी मी पुरणपोळी खाल्ली.

६

रविवारी सकाळी मी पलंगावरून पाय खाली टाकले आणि फरशीला टेकायला त्यांना जरा वेळ लागला. पंख्याखालून जाताना मी बाजूला सरकलो. सरकायचा माझा विचार नव्हता.

घरच्या काट्यावर उभा राहिलो. ४०.७.

सातवीत असताना मी एवढा होतो. आरशात मात्र साडेसत्त्याण्णव सेंटिमीटर पोटाचा छप्पन्न वर्षांचा गृहस्थ बनियनवर उभा होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी खिडकी लावून घेतली. मग भिंतीला धरून फोनपर्यंत गेलो आणि आल्बिनाबाईंना फोन लावला.

"मास्तर! तुमचा तक्ता कालच घरच्या ग्रुपवर टाकला," त्या आनंदाने म्हणाल्या. मागे चर्चची घंटा वाजत होती. "दोनशे बारा माणसं आहेत आमच्या ग्रुपवर. एकशे एकतीस जणांनी उघडून बघितला. आमचा जेम्स म्हणतो, माझं वजन सगळ्यांत जास्त होतं."

एकशे एकतीस गुणिले दोनशे तेहेतीस. मला कॅल्क्युलेटर लागत नाही. तीस किलो पाचशे.

"बाकीचे एक्याऐंशी?"

"ते कॅनडात. काल त्यांनी उघडला नाही, आता झोपले असतील. उठले की बघतील."

एक्याऐंशी पावशेर म्हणजे जवळजवळ एकोणीस किलो. कॅनडात उजाडलं की मी बावीस किलोचा उरणार होतो आणि मग कुणी हा तक्ता आणखी कुठे पुढे पाठवला तर? मला ती बेरीज पुढे करवेना. तिथे सकाळ व्हायला आपल्याकडची संध्याकाळ लागते. मी घड्याळात पाहिलं, साडेनऊ.

"बाई, तो तक्ता काढून टाका."

"काढता मला येत नाही. टाकता तेवढं येतं." मग त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही हलके झालात का?"

मी भिंत आणखी घट्ट धरली.

"दगड ओसरीवर ठेवलाय. सकाळी त्याच्याखालची लादी फुटली. तुम्ही या इकडे."

विनिता दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला सगळं सांगितलं, नोंदी, कपाट, पावशेर, कॅनडा. ती हसेल असं वाटलं होतं. तिने पुढे येऊन माझ्या काखेत हात घातले आणि मला उचललं. सहज उचललं, आणि लगेच खाली ठेवलं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"चला," ती म्हणाली. तिने साडी बदलली नाही की केस विंचरले नाहीत. इमारतीच्या दारातून बाहेर पडताना तिने माझ्या शर्टाचं टोक मुठीत पकडलं आणि रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

७

पापडीच्या त्या घरामागे केळीची वाडी होती आणि वाडीच्या तोंडाशी केळी ठेवायची लांबट खोली. आत दमट गारवा, पिकल्या केळ्यांचा गोड वास, आणि वरच्या वाशाला दोन लाकडी पारड्यांची तागडी टांगलेली. खिडकी एकच. दगड आधीच एका पारड्यात ठेवलेला होता. ते पारडं जमिनीला टेकलं होतं.

"चौघांनी आणला," आल्बिनाबाई म्हणाल्या. "बसा दुसऱ्यात."

वर्षाच्या पोरांसाठी केलेल्या त्या पारड्यात मी मांडी घालून बसलो. दोर ताणले, दांडी कुरकुरली, आणि मी जमिनीपासून वर उचलला गेलो. दगड जरा सुटला आणि पुन्हा टेकला. मी चाळीस किलो सातशे, तो बेचाळीस किलो सहाशे. फरक एक किलो नऊशेचा, ही वजाबाकी मी तिथेही मनात केलीच.

आल्बिनाबाईंनी तांदळाने भरलेलं सूप माझ्यासमोर धरलं. "आपल्या हाताने घ्या आणि आपल्या पारड्यात टाका. तुम्ही काढून घेतलेलं वर ते हेच."

"किती?"

"तेच तर विचारायचं नाही."

मी मूठ भरली आणि पारड्यात टाकली. दगड हलला नाही.

"मोजलंत," त्या म्हणाल्या.

"नाही मोजलं."

"किती टाकले?"

"बेचाळीस ग्रॅम," मी म्हणालो आणि जीभ चावली.

दुसरी मूठ मी डोळे मिटून घेतली. एकोणचाळीस. तिसरी डाव्या हाताने, सदतीस. ओंजळ भरली, एकशे अठरा. मी सूप ओढून अख्खं पारड्यात उपडं केलं तरी हाताला आकडा कळलाच, दोन किलो साठ. आता तर माझं पारडं खाली जायला हवं होतं. हिशेबाने मी दगडाहून चारशे ग्रॅम जड होतो. दगड जमिनीवर बसून राहिला. दांडी तिरकी, मी हवेत, आणि मांडीवर, खिशात, चपलांत तांदूळ. तीस वर्षं या हातांना मोजायला शिकवलं होतं आणि आता ते ऐकेनात. मला रडू आलं. छप्पन्न वर्षांचा माणूस केळ्यांच्या खोलीत पारड्यात बसून रडत होता.

"विनिता, मला जमत नाही," मी म्हणालो. "मला सोडताच येत नाही."

"ते मला सव्वीस वर्षं माहिती आहे," ती म्हणाली. "सरका."

तिने पदर खोचला, दोन्ही तळहात माझ्या पारड्याच्या कडेवर ठेवले आणि अंगचा भार दिला. ती पारड्याकडे बघतसुद्धा नव्हती, माझ्याकडे बघत होती. "घे बाबा," ती म्हणाली. मला नाही, पलीकडे. "काय हवं ते घे."

माझं पारडं धाडकन जमिनीवर आदळलं. माकडहाडातून कळ डोक्यात गेली आणि त्या दुखण्याचा मला इतका आनंद झाला की मी ओरडलो. पलीकडे दगड वर उडाला, दोरासकट झुलला, आणि झुलताना खिडकीच्या उजेडात आला. त्याची खालची बाजू ओली होती. वरून धार यावी तसं काही नाही, नुसते बारीक थेंब, माणसाच्या कपाळावर येतात तसे. दांडी स्थिर झाल्यावर मी हात लावून पाहिला. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखा तो कोमट होता. मी हात मागे घेतला.

दाराजवळ केळी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. मी पळत जाऊन त्यावर चढलो. पावलं धपधप वाजली. ८२.४.

"आलं!" मी ओरडलो. "विनिता, आलं सगळं!"

ती पारड्यापासून दोन पावलं मागे सरकून भिंतीला हात लावून उभी होती. हसत होती. "जरा चक्कर आली," ती म्हणाली. "सकाळपासून चहा नाही ना."

आल्बिनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे पाहिलं. "किती ठेवलंत, बाई?"

"मोजलं कुठे?"

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि क्रूसाची खूण करून त्यांनी दगडावर गोणपाट टाकलं.

मी काट्यावरून उतरलो. "तूही उभी राहा बघू एकदा."

"अजिबात नाही. सव्वीस वर्षांत तुम्हाला माझं वजन कळू दिलं नाही, आता शेवटी सांगू?"

मी आग्रह केला नाही. काटा चालू होता, दोन पावलांवर होता, आणि मी हात पुढे करून त्याचं बटण बंद केलं. असं मी का केलं ते मला तेव्हा कळत होतं.

आल्बिनाबाईंनी डझनभर केळी पिशवीत घातली, वर आणखी दोन टाकली, आणि फाटकापर्यंत पोचवायला आल्या. विनिता पुढे चालत होती. वाडीतली वाट वाळलेल्या पानांची होती आणि मला माझ्या चपलांचा आवाज येत होता.

८

रिक्षात ती माझ्या डावीकडे बसली. केळ्यांची पिशवी तिच्या मांडीवर होती. कॅनडात अजून उजाडायचं होतं, पण त्याची मला आता काळजी वाटत नव्हती. संध्याकाळी काय करायचं ते ती सांगत होती. आधी चहा, आल्याचा, आणि पावडर ती स्वतः टाकणार होती. मी हो म्हणालो. मग घरच्या काट्याचं काय करायचं ते तिने विचारलं आणि मी म्हणालो, भंगारात देऊ.

वसईच्या रस्त्यांबद्दल मी वेगळं सांगायला नको. पहिल्याच खड्ड्यात रिक्षा आदळली. मी सीटवरून उडालो आणि दणकन खाली आलो. केळ्यांची पिशवी उडाली आणि खाली आली. विनिता उडाली.

ती बोलतच होती. चहाचंच काहीतरी. तिची साडी सीटला टेकली तेव्हा रिक्षा खड्ड्यापासून बरीच पुढे गेली होती.

"धरून बसा ताई, पुढे रस्ता बेकार आहे," रिक्षावाला मागे न बघता म्हणाला.

मी तिचा हात धरला. मग दुसरा हात तिच्या पाठीमागून नेऊन तिचा दंड धरला. कडेचा पडदा वाऱ्याने आत येत होता, तो मी पायाने दाबून ठेवला. पुढे दुसरा खड्डा दिसत होता, त्याच्या मागे तिसरा. माझ्या तळहाताला तिचा हात लागत होता, गरम, नेहमीसारखा, आणि त्या हाताला काही कळेल म्हणून मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करायला लागलो. सातचा पाढा म्हणालो. केळी मोजली, चौदा होती, पुन्हा मोजली.

"अहो, किती आवळताय," विनिता म्हणाली. "दंड दुखतोय. जरा सैल धरा ना."

"नाही," मी म्हणालो.